होल वाटेत मरतो की दारात? आमच्या गेरूच्या इलेक्ट्रोडची केस

आमच्या लॅबमध्ये जूनपासून एकच रडगाणं चालू होतं. उन्हाने पाणी फोडून हायड्रोजन काढायचे एकाच रेसिपीचे हेमटाइट इलेक्ट्रोड, एकाच बाटलीतलं केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण), लॅम्प तोच, मोजणारी माणसंही तीच, आणि तरी काही इलेक्ट्रोड १.२३ व्होल्टला चौरस सेंटीमीटरमागे ०.९५ मिलिॲम्पिअर देणार आणि काही ०.४२ वर अडून बसणार. मधलं काही नाही, एकतर हे नाहीतर ते. लॅब पुण्यातली आहे, नाव सांगत नाही, सांगितलं तर सर म्हणतील हे लिहायला वेळ आहे आणि थिसिसचा चौथा चॅप्टर लिहायला नाही. जे झालं ते चुकांसकट लिहितेय, आणि आधीच सांगते, सगळ्यात मोठी चूक माझी होती.

ज्यांचा हा विषय नाही त्यांनी दोन मिनिटं द्या. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड पाण्यात ठेवून त्यावर यूव्ही प्रकाश टाकला आणि पाणी फोडता येतं हे दाखवलं, तिथून ही वारी सुरू झाली. अडचण ही की टायटॅनियम डायऑक्साइडला यूव्हीच लागतो आणि उन्हात तो असतो जेमतेम चार-पाच टक्के. मग लोक रंगीत ऑक्साइडकडे वळले. त्यातला सगळ्यात स्वस्त हेमटाइट, म्हणजे आयर्न ऑक्साइड, म्हणजे आपला गेरू हो, कुंड्यांना आणि तुळशी वृंदावनाला फासतात तोच. बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी किमान ऊर्जा, २.१ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास त्यामुळे दिसणारा प्रकाशही खातो, केओएचमध्ये टिकतो, विषारी नाही, लोखंडाला तोटा नाही. पूर्ण ऊन धरलं, म्हणजे चौरस सेंटीमीटरला १०० मिलिवॅट, तर हिशोबाने त्यातून १२.६ मिलिॲम्पिअर निघायला हवेत. आम्ही ०.९५ ला पेढे आणायच्या गोष्टी करत होतो यावरून काय ते समजा.

एवढी मार का खातो हा गेरू? तर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर मागे उरलेली धन भाराची रिकामी जागा) अशी जोडी सुटते, इलेक्ट्रॉनने मागे काचेकडे जायचं आणि होलने पुढे पाण्याकडे, पाण्यातून ऑक्सिजन काढायचं काम होलचं. आता हेमटाइटमध्ये होल मरायच्या आधी चालतो २ ते ४ नॅनोमीटर, आणि प्रकाश शिरतो शंभरेक नॅनोमीटर आत. कात्रजहून शिवाजीनगरला निघालेल्या माणसाच्या टाकीत पहिल्या सिग्नलपुरतंच पेट्रोल असावं तसं. म्हणून फिल्म जाड करून भागत नाही, बारीक काड्या उगवाव्या लागतात म्हणजे होलला बाजूने बाहेर पडता येतं. बरं, जो पृष्ठभागापर्यंत पोचला त्याचीही लगेच सुटका नाही. ऑक्सिजनचा एक रेणू बनायला चार होल लागतात, रिॲक्शन रेंगाळते, तोवर होल पृष्ठभागावरच्या खड्ड्यांत अडकून पडतो, त्यांना सरफेस स्टेट म्हणतात, आणि मागून आलेला इलेक्ट्रॉन त्याला तिथेच गाठतो. म्हणजे होल दोन ठिकाणी मरू शकतो, वाटेत किंवा दारात. आमच्या मॅडम, पोस्टडॉक आहेत, त्या असंच विचारतात, वाटेत की दारात? आम्ही हा प्रश्न तीन महिने स्वतःला विचारलाच नाही.

रेसिपी साधी आहे. फेरिक क्लोराइड आणि सोडियम नायट्रेटच्या आम्लधर्मी द्रावणात एफटीओ काच (वीज वाहणारा पातळ थर दिलेली) तिरकी उभी करायची, कंडक्टिव्ह बाजू खाली तोंड करून, झाकण घट्ट, ९५ अंशाच्या ओव्हनमध्ये सहा तास. काचेवर हळदीसारखा पिवळा थर येतो, तो अजून हेमटाइट नाही, आयर्न ऑक्सिहायड्रॉक्साइड. धुवायचा, ५५० अंशांना दोन तास ठेवला की लाल होतो. ओव्हनमधून हळद निघते आणि भट्टीतून कुंकू, असं आमचा ज्युनियर म्हणतो. आणि मग खरी गंमत, ८०० अंशांना फक्त दहा मिनिटं. ही दहा मिनिटं का, तर एफटीओ म्हणजे फ्लोरिन घातलेलं टिन ऑक्साइड, आणि ८०० ला त्यातलं टिन वर हेमटाइटमध्ये सरकतं. हेमटाइट एरवी वीज वाहण्यात महाआळशी, थोडं टिन आत गेलं की कामाला लागतं. जास्त वेळ ठेवलं तर एफटीओचाच रेझिस्टन्स वाढतो आणि साधी सोडालाइम काच तेवढ्या तापमानाला मऊ पडते. काच मऊ पडते, हे वाक्य लक्षात ठेवा.

तर ०.४२ वाले इलेक्ट्रोड. सगळ्यांचं पहिलं बोट सरफेसकडे. साहजिक आहे, या विषयावरचा अर्धा पेपर-साठा सरफेसवरच आहे, हे लावा ते लावा, आणि सगळ्यांचे ग्राफ लावल्यावर वर जातात. त्यात सगळ्यात प्रसिद्ध कोबाल्ट फॉस्फेट, ज्याला सगळे कोपाय म्हणतात. २००८ मध्ये कॅनन आणि नोसेरा यांनी दाखवलं की फॉस्फेटच्या न्यूट्रल बफरमध्ये थोडं कोबाल्ट टाकून व्होल्टेज दिलं की इलेक्ट्रोडवर आपोआप एक ऑक्सिजन काढणारा कॅटॅलिस्ट, म्हणजे रिॲक्शनला वेग देणारा पदार्थ, चढतो, पुढच्याच वर्षी गॅमेलिनच्या ग्रुपने तो हेमटाइटवर चढवला आणि करंट सुरू होण्याचं व्होल्टेज साडेतीनशे मिलिव्होल्टहून जास्त खाली आणलं. साडेतीनशे! आम्ही म्हटलं आपल्याला शंभर मिळाले तरी पुष्कळ.

ज्युनियरने उत्साहात रात्रभर डिपॉझिशन लावून ठेवलं. पेपरमध्ये किती वेळ दिलाय ते मी त्याला वाचायला सांगितलं नव्हतं आणि त्यानेही वाचलं नव्हतं. सकाळी इलेक्ट्रोड बघितला तर गेरूचा चॉकलेटी झालेला, कडेला तर जाड पापुद्रा. मोजलं तर ०.४२ चे ०.३० झाले. सर केबिनमधून बाहेर आले, ग्राफ बघितला, म्हणाले, “अरे हे इम्प्रूव्हमेंट आहे का?” आणि परत गेले.

रात्रभरच्या कोपायमध्ये दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे तो स्वतः प्रकाश खातो, समोरून लॅम्प मारला तर गेरूपर्यंत पोचायच्या आधीच काही प्रकाश गायब. आणि दुसरं, होलला आता त्या जाड थरातूनही चालत पाण्यापर्यंत जायचंय, तेवढा वेळ तो तिथे टांगलेला राहतो आणि इलेक्ट्रॉन त्याला तिथेही गाठू शकतो. दाराला पायपुसणं घालायचं होतं, आम्ही पोत्यांची थप्पी लावली. मग पातळ थर, मग अजून पातळ, पाच मिनिटं, दोन मिनिटं. ०.४२ चं ०.४५ झालं, एकदा ०.४७. ऑगस्ट संपत आला. निकल-आयर्नचा कॅटॅलिस्टही लावून बघितला. तोच प्रकार.

मग मॅडमनी एका शुक्रवारी, चहा पिता पिता, सहज विचारलं, “पेरॉक्साइड घालून बघितलंत का?” आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो.

हायड्रोजन पेरॉक्साइडची टेस्ट म्हणजे फार हुशारीची गोष्ट आहे आणि फार स्वस्तही. पाण्याचं ऑक्सिडेशन अवघड, चार होलचं काम. पेरॉक्साइडचं सोपं, होल दारात आला रे आला की पेरॉक्साइड त्याला ओढून घेतं, रेंगाळायला वेळच नाही. त्यामुळे पेरॉक्साइड घातल्यावर जो फोटोकरंट येतो तो म्हणजे दारापर्यंत जिवंत पोचलेल्या होलची हजेरी. पेरॉक्साइडशिवाय येतो तो, त्यातले किती पाण्यात उतरले त्याची हजेरी. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की दारात किती टक्के वाचतात ते कळतं. २०११ मध्ये दोतान, सिवुला, ग्रेट्झेल, रॉथशिल्ड वगैरे मंडळींनी हेमटाइटसाठी ही पद्धत नीट बसवली. त्यात गृहीतक असं की पेरॉक्साइडसमोर एकही होल दारात वाया जात नाही, ते सगळीकडे शंभर टक्के खरं नसेल पण निदानाला पुरतं.

१ मोलर केओएचमध्ये ०.५ मोलर होईल एवढं पेरॉक्साइड घातलं. घातल्यावर पटापट मोजावं लागतं, कारण अल्कलीमध्ये ते आपणहून फुटत राहतं, बुडबुडे येतात आणि नवख्या माणसाला वाटतं वा काय ऑक्सिजन निघतोय. अंधारातला करंटही आधी घेऊन वजा करायचा. रडक्या इलेक्ट्रोडचं आकडेमोड ज्युनियरने टिश्यू पेपरवर केलं, पाण्यात ०.४२, पेरॉक्साइडमध्ये ०.५०.

म्हणजे चौऱ्याऐंशी टक्के होल दारातून व्यवस्थित बाहेर पडत होते. जगातला सर्वोत्तम कॅटॅलिस्ट आणून फासला असता तरी आम्हाला ०.५० च्या वर काही मिळणार नव्हतं. आम्ही तीन महिने दाराला रंग देत होतो आणि माणसं जिन्यातच मरत होती.

मग चांगल्या इलेक्ट्रोडवर तीच टेस्ट. पाण्यात ०.९५, पेरॉक्साइडमध्ये १.५. इथे चित्र उलटं, दारापर्यंत भरपूर पोचतात आणि त्यातले सदतीस टक्के दारात मरतात. कोपायची गरज होती ती या इलेक्ट्रोडना, आणि आम्ही ते ‘चांगलेच आहेत की’ म्हणून डब्यात ठेवून दिले होते आणि सगळे प्रयोग आजारी पोरांवर चालले होते. हे लिहिताना आत्ताही लाज वाटतेय.

आता प्रश्न, एकाच रेसिपीत दोन जाती का. एक्सआरडी (स्फटिकाची रचना दाखवणारी एक्स-रे चाचणी) दोघांचं सारखं, एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) काड्या सारख्या, जाडी सारखी. बॅच नंबर लावून बघितले, केमिकलची बाटली बदलली तेव्हाच्या तारखा बघितल्या, गुरुवारी पाणी बंद असतं म्हणून डीआय (क्षार काढलेल्या पाण्याच्या) प्लँटचं पाणी त्या दिवशी वेगळं येतं का हेही बघितलं, कंडक्टिव्हिटी मोजली, काही नाही. मॉट-शॉटकी केलं, म्हणजे व्होल्टेज बदलत कपॅसिटन्स मोजला, तेव्हा मात्र दिसलं की रडक्या इलेक्ट्रोडमध्ये डोनर डेन्सिटी, म्हणजे वीज वाहायला इलेक्ट्रॉन देणाऱ्या अणूंचं प्रमाण, कमी आहे. म्हणजे टिन आत गेलेलं नाही. पण ८०० अंश, दहा मिनिटं, भट्टीच्या डिस्प्लेवर ८०० लिहिलेलं मी स्वतः बघितलंय.

उत्तर डब्यातच होतं. चांगले इलेक्ट्रोड आणि वाईट इलेक्ट्रोड मी टेबलावर दोन रांगांत मांडले होते आणि मॅडम नुसत्या बाजूने, डोळे टेबलाच्या पातळीला आणून, बघत होत्या. म्हणाल्या, “हे सगळे वाकलेत. आणि हे सगळे सरळ.”

चांगले सगळे वाकलेले! अगदी थोडे, भाजलेल्या पापडाची कड उचलते तेवढे. वाईट सगळे आरशासारखे सपाट. ज्युनियर एकदम गप्प झाला आणि मग म्हणाला, “ताई, तुम्हीच सांगितलं होतं ना.”

हो, मीच सांगितलं होतं. मे महिन्यात आमचा टेफ्लॉनचा सेल सारखा गळायचा, कारण वाकलेल्या काचेवर ओ-रिंग बसत नाही, एकदा केओएच पोटेन्शिओस्टॅटच्या (व्होल्टेज देऊन करंट मोजणाऱ्या यंत्राच्या) केबलवर सांडलं आणि मी त्याच्यावर चांगलीच ओरडले होते की वाकडी काच परत आणलीस तर बघ. बिचाऱ्याने उपाय शोधला. त्याच्या लक्षात आलं की भट्टीत आत, मधोमध ठेवल्या की काचा वाकतात आणि दाराजवळ ठेवल्या की सरळ राहतात. तेव्हापासून त्याच्या बॅच दाराजवळ आणि माझ्या, मी सवयीने आत सरकवते म्हणून, मधोमध. माझ्या काचा वाकायच्या पण मी त्या क्लिपवर लटकवून बीकरमध्ये मोजायचे, मला ओ-रिंगचा त्रासच नव्हता. त्याने कधी बोलून दाखवलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

तपकीर गल्लीतून एक के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) आणि तो लावता येईल असा मल्टिमीटर आणला, भट्टीच्या दाराच्या फटीतून आत सारला. डिस्प्लेवर ८००, मधोमध ७९५, दारापासून तीन बोटांवर त्याच्या कितीतरी खाली. भट्टीचा स्वतःचा थर्मोकपल मागच्या भिंतीत असतो, तो खोटं बोलत नव्हता, तो त्याच्या जागेचं सांगत होता. तेवढ्या कमी तापमानाला काच मऊ पडून ओघळत नाही आणि टिनही नीट वर सरकत नाही, दोन्हीचं दुखणं एकच. वाकलेली काच ही आमची फुकटची थर्मामीटर होती आणि आम्ही तिला रिजेक्ट म्हणत होतो.

उपाय अगदी बाळबोध निघाला. काचा आधी ॲल्युमिनाच्या होडीसारख्या भांड्यावर दोन कडांवर टेकवलेल्या असायच्या, मधे आधार नाही, म्हणून मऊ पडल्या की पोटात झुकायच्या. आता सपाट सिरॅमिक टाइलवर पूर्ण पाठ टेकवून ठेवतो, भट्टीच्या मधोमध. थोड्या वाकतात अजून, पण नगण्य. आणि ओ-रिंगच्या सेलऐवजी तांब्याची तार, सिल्व्हर पेस्ट आणि इपॉक्सी.

इथून पुढे सरफेसची खरी गोष्ट सुरू होते. कारण आता सगळे इलेक्ट्रोड ०.९ ते १.० देत होते आणि त्या सगळ्यांना दारातलाच आजार होता. १.२३ व्होल्टपेक्षाही १.० व्होल्टला बघितलं तर आजार ढळढळीत दिसत होता, पाण्यात ०.२ आणि पेरॉक्साइडमध्ये १.१. व्होल्टेज कमी असताना होलला बाहेर ढकलणारा जोर कमी, तेव्हा तो दारात जास्त रेंगाळतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर प्रकाश चालू-बंद करून करंट बघायचा. आमच्याकडे शटर नाही, ज्युनियर वहीचा पुठ्ठा हातात धरून दोन सेकंद आड दोन सेकंद दूर असं करत उभा राहतो. पुठ्ठा बाजूला केला की करंट टोकदार वर उसळतो आणि लगेच बसतो, पुठ्ठा आड केला की उलटा खाली टोक मारतो आणि शून्यावर येतो. वरचं टोक म्हणजे पृष्ठभागाकडे धावलेले होल, बसणं म्हणजे त्यांना गाठायला इलेक्ट्रॉन पोचले, आणि खालचं टोक म्हणजे अंधार झाल्यावरही दारात अडकलेल्या होलच्या मागे धावणारे इलेक्ट्रॉन. पेरॉक्साइडमध्ये ही टोकं जवळजवळ नाहीशी होतात, चौकोनी सुबक पायऱ्या दिसतात. मला हा ग्राफ सगळ्यात जास्त आवडतो, यात कुठलं मॉडेल बसवायला लागत नाही.

यावेळी कोपाय प्रकाशात चढवलं. ०.१ मोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ७, त्यात ०.५ मिलिमोलर कोबाल्ट नायट्रेट, व्होल्टेज इतकं कमी की अंधारात काहीच चढू नये, आणि लॅम्प चालू. मग कोबाल्टला ऑक्सिडाइज करायचं काम होलच करतो, आणि म्हणून कोबाल्ट तिथेच चिकटतं जिथे होल बाहेर येतो. उघड्या एफटीओवर ढीग साचत नाही. तीनशे सेकंद, बास. डोळ्यांना रंगात फरक कळतसुद्धा नाही, मागच्या वेळच्या चॉकलेटी प्रकारानंतर तर ज्युनियरला वाटलं चढलंच नाही. १.० व्होल्टला ०.२ चे ०.५५ झाले, १.२३ ला ०.९५ चे १.२५. टोकं बोथट झाली. करंट सुरू व्हायचं व्होल्टेज दीडशे मिलिव्होल्ट खाली आलं.

सर खूश, पण त्यांनी लगेच लिहायला घेतलं की कोपायने ऑक्सिजनची रिॲक्शन वेगवान केली, आणि तिथे मॅडम आणि सर यांचं जुंपलं. मॅडमचं म्हणणं, करंट वाढला म्हणजे कॅटॅलिसिसच झालं असं कशावरून? लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या डरंटच्या ग्रुपने २०११ मध्ये लेझरच्या मोजमापांनी दाखवलंय की कोपाय असताना हेमटाइटमधले होल जास्त वेळ जगतात, म्हणजे फायदा रिकॉम्बिनेशन, म्हणजे इलेक्ट्रॉनने होलला गाठणं, कमी झाल्याचा. त्याच वर्षी ग्रेट्झेलच्या लोकांनी हेमटाइटवर ॲल्युमिनाचा अतिपातळ थर दिला आणि सुरुवातीचं व्होल्टेज शंभरेक मिलिव्होल्ट खाली आलं. ॲल्युमिना! जे इन्सुलेटर आहे, ऑक्सिजनचं कॅटॅलिसिस करत नाही, त्याने फक्त दारातले खड्डे बुजवले. मला मॅडमचं पटतं. म्हणून पेपरच्या ड्राफ्टमध्ये आम्ही ‘सरफेसवरचा लॉस कमी झाला’ एवढंच ठेवलंय, पुढचा दावा करायला लागणारी लेझरची मापं आमच्याकडे नाहीत. सर अजून थोडे नाराज आहेत.

एक सावधगिरी, कोपाय लावल्यावर पेरॉक्साइडची टेस्ट करू नका. कोबाल्ट अंधारातच पेरॉक्साइड फोडायला लागतं, अंधारातला करंट आकाशाला भिडतो आणि भागाकारातून काहीही टक्केवारी येते. ज्युनियरने केलं होतं, उत्तर आलं एकशे तीस टक्के.

ऑक्टोबरमध्ये अजून एक गंमत झाली. त्याने आनंदाने येऊन सांगितलं की पृष्ठभाग आम्लात किंचित खरवडला तर आणखी चाळीस मिलिव्होल्ट मिळतात. मी विचारलं साधा, काहीच न केलेला इलेक्ट्रोड आज मोजलास का? मोजला, तर त्यालाही चाळीस मिळाले होते. म्हणजे इलेक्ट्रोड सुधारला नव्हता, रेफरन्स, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो इलेक्ट्रोड, घसरला होता. आम्ही सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड वापरत होतो, पीएच १३.६ ला त्याच्या आकड्यात साधारण १ व्होल्ट मिळवला की आरएचई स्केलवर (हायड्रोजन इलेक्ट्रोडला शून्य धरणाऱ्या मोजपट्टीवर) येतो, हिशोबाला फार सोपा पडतो म्हणून सगळे वापरतात. पण केओएचमध्ये रोज बुडवून त्याच्या आतलं क्लोराइड टोकातल्या सच्छिद्र खड्यातून बाहेर झिरपतं, आत पातळ होतं, पोटेन्शियल वर सरकतं, आणि आपल्याला वाटतं आपण १.० व्होल्ट देतोय, प्रत्यक्षात देत असतो १.०४. बाटलीबंद ठेवलेला एक रेफरन्स काढला, दोघांना केसीएलमध्ये उभं करून मल्टिमीटर लावला, ४१ मिलिव्होल्ट. आता मर्क्युरी ऑक्साइडचा रेफरन्स वापरतो, अल्कलीला तोच बरा, आणि दर सोमवारी त्या बाटलीबंद भावाशी तुलना.

क्षेत्रफळाचंही तसंच. इपॉक्सीने कडा बंद करायच्या, उरलेली खिडकी साधारण अर्धा चौरस सेंटीमीटर असं वहीत लिहून टाकायचो. प्रत्येक खिडकी वाकडीतिकडी, कुठे ०.४४ कुठे ०.६१. आता पट्टी शेजारी ठेवून फोटो काढतो आणि कॉम्प्युटरवर पिक्सेल मोजतो. वरचे सगळे आकडे या दुरुस्तीनंतरचे आहेत.

मधे एकदा पाहुणे आले होते, ग्रीन हायड्रोजन मिशनमुळे हल्ली पाहुणे बरेच येतात, जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींची मंजुरी आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य म्हटल्यावर येणारच. त्यांना उन्हात दाखवायचं म्हणून सेल गच्चीवर नेला. ते म्हणाले बुडबुडे कुठे आहेत? चौरस सेंटीमीटरला १ मिलिॲम्पिअर एक तास चालला तर हायड्रोजन निघतो ०.४६ मिलिलिटर, पाव चमच्याहूनही कमी, हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे सिलिंडर भरायला?” ज्युनियर मोबाईलवर हिशोब करायला लागला होता, मी त्याला डोळ्यांनी थांबवलं. त्यातही वरून एक व्होल्टचा टेकू बाहेरून द्यावाच लागतो, हेमटाइटचा कंडक्शन बँड, म्हणजे सुटलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जेची पातळी, हायड्रोजन काढण्याइतका वर नाही, म्हणून या आकड्यांना सोलर-टू-हायड्रोजन एफिशियन्सी म्हणणं चूकच आहे. काही पेपरमध्ये म्हटलेलं असतं, राग येतो.

राहिला टिकाऊपणा. १ मोलर केओएचमध्ये, १.२३ व्होल्टला, सतत प्रकाशात, साधा हेमटाइट वीस तासांत हलला नाही, गेरूच तो. कोपायवाला १.२५ वरून सहाव्या तासाला १.१ आणि विसाव्याला १.० वर आला, म्हणजे कमाईतला बराचसा भाग परत गेला. कोपायची ख्याती अशी की तो स्वतःची डागडुजी करतो, विरघळलेलं कोबाल्ट परत चढतं, पण ते फॉस्फेटच्या बफरमध्ये. केओएचमध्ये फॉस्फेट कुठून आणणार, तिथे तो हळूहळू कोबाल्ट ऑक्सिहायड्रॉक्साइडच होऊन बसतो. केओएचमध्येच थोडं पोटॅशियम फॉस्फेट टाकून बघितलं तर घसरण जराशी मंदावली, पण एकाच इलेक्ट्रोडवर केलंय, त्याला मी निकाल म्हणणार नाही. शिवाय त्या इलेक्ट्रोडची इपॉक्सी चौदाव्या तासाला एका कोपऱ्यातून सुटली होती, घाईत, ओलसर हवेत, पूर्ण वाळायच्या आधी वापरली म्हणून.

आता फॉस्फेटसह आणि फॉस्फेटशिवाय असे प्रत्येकी पाच इलेक्ट्रोड करायचेत, सगळे एकाच टाइलवर, मधोमध. टाइलच्या चारही कोपऱ्यांची जागा ज्युनियरने भट्टीच्या फरशीवर खुणा करून पक्की केलीय. बॅच बुधवारी लावणार होतो, पण ५५० चे दोन तास, मग ८००, मग थंड होणं धरून रात्र उलटते आणि गुरुवारी सकाळी दुरुस्तीसाठी लाईट जाते, त्यामुळे शुक्रवारी.